फोन आला की थांबणारं रडार

टॅब घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे नवं सिमकार्ड त्याच्या बाजूच्या फटीत दाबलं. जरा घट्ट गेलं. नवी वस्तू, घट्टच असणार, असं म्हणून नखाने आणखी दाबलं. टक् असा आवाज झाला आणि कार्ड दिसेनासं झालं. मग मी चष्मा लावून खोक्यावरचं वाचलं. ती फट मेमरी कार्डाची होती. सिमकार्डाला त्या टॅबमध्ये जागाच नव्हती. बायकोने सेफ्टी पिन दिली, मग सुई, मग भुवयांचा चिमटा. दर प्रयत्नाला कार्ड थोडं आणखी आत गेलं. ते अजून तिथंच आहे.

यात दुकानदाराचा दोष नाही. पेणच्या त्या दुकानात मी यादी करून गेलो होतो. पडदा मोठा हवा, पण गाडीच्या काचेसमोर लावला तर रस्ता दिसायला हवा. उन्हात चित्र दिसायला हवं. बॅटरी दिवसभर टिकायला हवी.

"मुलांच्या अभ्यासाला का, सर?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. वादळं बघायला."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती कव्हरांचे रंग बघत असल्याचं दाखवत होती. मी एकेक टॅब घेऊन भर दुपारी रस्त्यावर उभा राहायचो आणि परत आत यायचो. तीन टॅबमध्ये मला फक्त माझाच घामेजलेला चेहरा दिसला. चौथ्यात रडारचं चित्र स्वच्छ उघडलं, तेही झटक्यात.

"सिमवाला देऊ की वायफायवाला?"

या दोहोंत नेमका फरक काय, ते मला माहीत नव्हतं. पण मी भूगोलाचा मास्तर, शेजारी बायको उभी. मी म्हणालो, "वायफायवालाच." ते चित्र दुकानातल्या वायफायवर उघडलं होतं, हे मला घरी कळलं.

आता वादळं कशाला बघायची, तेही सांगतो. आम्ही राहतो अष्टमी गावात, शाळा पुलापलीकडे रोह्यात. मे महिन्यात दुपार कलली की घाटमाथ्यावर वळवाचे ढग चढायला लागतात. परदेशात माणसं त्यांच्यामागे गाड्या पळवतात, हे मी मोबाईलवर पाहिलं आणि मलाही वाटलं, आपणही जावं. त्यांच्या गाड्यांवर जाळ्या असतात, यंत्रं असतात. आमच्या गाडीत चहाचा थर्मास आणि मागच्या सीटवर बायकोने वाटेत घेतलेल्या शेवग्याच्या शेंगा. मोबाईलवर रडार बघायचं म्हटलं तर माझ्या अंगठ्याखाली अख्खा रायगड जिल्हा जायचा. म्हणून टॅब.

सिमची जागा नाही म्हटल्यावर नेट बायकोच्या फोनवरून घ्यायचं ठरलं, कारण माझ्या फोनची रेंज गाव सुटलं की सुटते. तिच्या फोनला सगळीकडे रेंज, पण फोन जुना. त्यावर बोलणं चालू झालं की नेट थांबतं. हे मला माहीत होतं.

बायकोचं माहेर पेणजवळचं जोहे. तिचा भाऊ शाडूच्या मूर्ती करतो. मे महिन्यात कच्च्या मूर्ती फळ्यांवर मांडून अंगणात उन्हाला ठेवतात. वाळल्या की आत, मग रंग. वाळत आलेल्या शाडूवर पाऊस पडला की पुन्हा चिखल. माझ्याकडे टॅब आल्याचं कळल्यापासून मेहुणा रोज फळ्या बाहेर काढताना एकदा आणि जेवून आडवा होताना एकदा फोन करायचा. "भावोजी, पाऊस हाय का?"

पहिले आठ दिवस मला फार बरं वाटलं. सासुरवाडीला इतकी वर्षं माझं मत कुणी विचारलं नव्हतं. पुढे ते गळ्यात पडलं. दाढी करताना फोन, लग्नाच्या पंगतीत फोन. चित्र धड उघडलेलं नसलं तरी मी काहीतरी सांगायचोच. पाच-सहा वेळा बरोबर आलं आणि मग सुटकाच नाही.

त्या दिवशी आम्ही कोलाडवरून खांब गावापर्यंत गेलो होतो. घाटावर ढग उभा होता, वरून पसरट, पोटात काळा. मी गाडी कडेला घेतली. टॅबवर लाल ठिपका, आमच्या पूर्वेला. पेणच्या बाजूला काही नाही. मी खुशीत चहा ओतला.

तेवढ्यात बायकोच्या फोनवर जोह्याहून फोन आला. आधी मेहुण्याची बायको, आमच्या वहिनी, बोलल्या. भाचीचं स्थळ, मुलाचा पगार, मुलाच्या आईचा स्वभाव. बराच वेळ गेला. मग मेहुण्याने फोन घेतला.

"भावोजींना विचार गो, फळ्या आत घेऊ काय? जेवायला बसतोय. इकडं जरा कोंदट वाटतंय."

मी टॅबकडे पाहिलं. लाल ठिपका होता तिथंच होता, पेण कोरडं ठाक.

"सांग त्याला, निवांत जेव म्हणावं. दोन तास काही नाही."

तिने फोन ठेवला. नेट परत आलं. चित्र एकदा थरथरलं आणि पेणवर, हमरापूरवर, जोह्यावर लाल रंग उमटला. ढग माझ्यासमोर उभा होता, पण दुसरा, माझ्या पाठीमागे, फोन चालू असताना मोठा झाला होता.

"लाव," मी म्हणालो. "त्याला परत फोन लाव."

लागेना. वहिनींचा लागेना. माझ्या फोनला रेंज नव्हतीच. मी गाडी पेणच्या दिशेने काढली, आणि एक किलोमीटरही झाला नसेल, समोर ट्रकांची रांग. पुढे झाड आडवं पडलं होतं. उजवीकडे दुभाजक, डावीकडे खणलेला चर, मागे लक्झरी बस. मग आमच्यावरही पाऊस आला. ज्याच्यासाठी मी एवढा धावायचो तो पाऊस टपावर बडवत होता, आणि मला तो बघवत नव्हता.

काचा बंद, त्यांवर वाफ. बायको दर दोन मिनिटांनी फोन लावत होती. तोच बाईचा आवाज, संपर्क क्षेत्राबाहेर. दर दोन मिनिटांनी टॅबवरचा लाल डाग जोह्यावर आणखी गडद. तो बंद करावा असं वाटत होतं, पण हात जात नव्हता. चित्र आता अगदी ताजं होतं.

"त्याने घेतल्या असतील आत," मी म्हणालो.

"तुम्ही निवांत जेव म्हणालात."

तास-सव्वा तास रांग हलली नाही. बसमधल्या एका माणसाने काचेवर टकटक करून विचारलं, "साहेब, टॅबवर दिसतं काय कधी सुटेल?" मी टॅब पालथा घातला.

जोह्याला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. मेहुणा, वहिनी आणि शेजारच्या दोन बायका ताटावरून उठून धावल्या होत्या. बऱ्याच फळ्या आत गेल्या, शेवटच्या दोन राहिल्या. त्यांच्यावरच्या मूर्तींच्या सोंडा उतरल्या होत्या, कान गेले होते, पोटं तेवढी उरली होती. मेहुणा तो गोळा घमेल्यात भरत होता.

"भावोजी, माती वाया जात नाय," तो म्हणाला. "भिजवायची, मळायची, परत करायची. आठ दिवसांची मेहनत गेली. डोळ्यांची आखणी झाली नव्हती ते बरं. डोळे लिहिल्यावर असं बघवत नाय."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पँट दुमडून घमेल्यापाशी बसलो आणि माती मळायला लागलो. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. "व्हय, पण चपातीचं पीठ नाय ते," म्हणाला आणि घमेलं हळूच स्वतःकडे ओढलं.

परत येताना वडखळ गेलं, नागोठणं गेलं. पडलेलं झाड कापून कडेला टाकलेलं दिसलं. मी म्हणालो, की आता सिमवालाच टॅब घेतो. मग फोन येवो न येवो, चित्र थांबणार नाही.

बायको नखातली माती काढत होती. "घ्या," ती म्हणाली. "पण दादाने विचारलं आणि ठाऊक नसलं, तर ठाऊक नाय म्हणा. तेवढं म्हणायला रेंज लागत नाय."