येडूचा फास्ट रोल

सोलापुरात सात रस्त्यावरच्या आमच्या स्टुडिओत येडू डार्करूम सांभाळायचा आणि मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे देवीचे वण बुजवायचो. मालक आबासाहेब. बारा फोटो पुरे झाल्याशिवाय रोल धुवायचा नाही, हा त्यांचा नियम. अर्धा रोल धुणं म्हणजे त्यांच्या लेखी ताटात अन्न टाकून उठणं. देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं, सगळं सोवळं या एका गोष्टीत होतं.

येडू माळशिरसकडच्या धनगराचा. दुष्काळ सरल्यावरच्या साली दिवाळी झाली आणि त्याचे आईवडील नेहमीसारखे मेंढरं घेऊन बाहेर पडले, तेव्हा त्यानं त्यांच्याबरोबर जायला चार दिवस सुटी मागितली. साऱ्या गावाचे फोटो याच्या हातून धुऊन निघायचे, पण बापाचा एकही नव्हता. बापाला, धुळाबांना, दिवसा सवड कुठली? सांजेला मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडली की मगच ते बूड टेकायचे.

आबासाहेबांनी सल्ला दिला, की वाटेवर साधा डबा कॅमेरा न्यावा, हलका असतो, आणि स्लो रोल घालावा, फोटो रेशमासारखा येतो. लग्नाच्या मांडवापलीकडे कॅमेरा न नेलेला माणूस प्रवासातली फोटोग्राफी शिकवत होता. येडूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, स्लो रोलला ऊन लागतं आणि बा उन्हात थांबत नाही. वाटेवरच्या मेंढरांसाठी त्यानं स्लो रोल घेतला, पण कॅमेरा घेतला तो दोन भिंगांचा, जड. कमी उजेडात चालणारा फास्ट रोल तेव्हा मिळता मिळत नसे. आमच्या कपाटात एकच होता, तोही त्यानं हट्टानं मागून घेतला.

शेवटच्या सांजेला त्यानं मेंढरांसमोर कॅमेऱ्याचं झाकण उघडून फास्ट रोल भरला. आई, केराबाई, शेजारी बसून निरखत होती. मांडीवर कोकरू घेतलेल्या धुळाबांचे त्यानं दहा फोटो काढले. उरलेले दोन आईचे काढायचे होते, पण फोटो काढला की आयुष्य सरतं म्हणून ती पदर ओढून उठून गेली.

सोलापुरात परतल्यावर मी म्हटलं, बाबा, धुऊन टाक. आबासाहेब म्हणाले, दोन वाया कशाला घालवतोस, आईची समजूत काढ, मग धू. येडूलाही ते पटलं. याचा मला आजही राग येतो.

पंधरवड्यात धुळाबा तापानं गेले. निरोप आला तसा येडू अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. आबासाहेबांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा त्याच्या खांद्याला अडकवला. जातोच आहेस तर ते दोन उरकून ये, म्हणाले. माणसाला लाज नसावी, पण किती नसावी?

दहाव्याला भावकी जमली. देव्हाऱ्यापाशी ठेवायला धुळाबांचा फोटो आहे का, असं कुणीतरी विचारलं. येडूनं कॅमेरा पुढं धरला.

"हाय की. ह्यातच हाय बा."

मग कॅमेरा खुंटीला लावून तो पुरुषांबरोबर ओढ्यावर गेला.

केराबाईनं तो खुंटीवरून काढला. आज नवऱ्याचा दहावा, घरात देवाचा भंडारा होता आणि नवरा होता या डब्यात. लेकानं उघडलं होतं तसं तिनं अंगणात झाकण उघडलं, रोल बाहेर काढला आणि साऱ्याच्या सारा उन्हात उलगडला. त्याचं तोंड कुठं आहे ते कळेना, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत भंडाऱ्याची पिवळी बोटं ओढली. पुन्हा नीट गुंडाळून आत ठेवला. येडू परत आल्यावर तिनंच सांगितलं.

"तुजा बा काय मला दिसला न्हाय. पर भंडारा लावलाय. कुटंतरी कपाळाला लागलाच आसंल."

येडूनं तरीही तो रोल धुतला. मी दाराबाहेर उभा होतो. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातली फिल्म टोकापासून टोकापर्यंत काळी ठिक्कर होती. फास्ट रोल फुकट गेला म्हणून आबासाहेब आठवडाभर हळहळत होते.

आईला त्यानं खरं सांगितलं नाही. तू उजेड दाखवलास म्हणून बा पुसला गेला, हे कुठल्या तोंडानं सांगणार? माझ्याकडून बिघडला, एवढंच म्हणाला. केराबाईनं ते खरं मानलं आणि मरेपर्यंत त्याला माफ केलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी त्याच्याबरोबर गावी गेलो होतो. जेवताना ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आक्क्या सोलापूरचं फोटू काढतंय ह्ये. सवताच्या बाचा तेवडा एक ठिवला न्हाय."

मला राहवेना. मी तोंड उघडलं, तेवढ्यात येडूनं माझा गुडघा दाबला. भाकरी मोडता मोडता खाली मान घालून तो म्हणाला, "व्हय आय. माज्याच हातनं गेला."

"मंग," केराबाई म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाकरीबरोबर कोरड्यास वाढायला उठली नाही.