झाकणावरचं नाव

रोशनशी माझं शेवटचं बोलणं कांद्याच्या बुरशीबद्दल झालं.

त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांना माहीत आहे त्यांनी फोन करू नका, मी उचलणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी इथेच पुण्यात एका समर रिसर्च प्रोग्रॅमला होते. सगळे बीएस्सीवाले, गावोगावचे. तिथे एक रीत होती. दर शुक्रवारी प्रत्येकाने आपला नाही, शेजारच्याचा प्रोजेक्ट सांगायचा. पहिल्या दिवशी जो शेजारी बसला, तो कायमचा शेजारी.

प्रोग्रॅमच्या मॅडम म्हणायच्या, "स्वतःचं काम सगळ्यांनाच कळतं. दुसऱ्याचं कळलं तर शिकलात म्हणायचं."

माझ्या शेजारी रोशन बसला. चंद्रपूरकडचा. मी नारायण पेठेतली. दोन दिवस आम्ही बोललोच नाही. त्याला वाटलं मला गर्व आहे. होताच थोडा.

माझं काम कॉम्प्युटरला पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवायचं. पहिल्या शुक्रवारी रोशन उभा राहिला आणि म्हणाला, "हिच्या कॉम्प्युटरले बुलबुल अन् साळुंकी एकच वाटते. बाकी पोरगी हुशार आहे."

सगळे हसले. मी दिवसभर फुगून बसले. पण माझं नेमकं कुठे अडलंय ते मला त्याच वाक्याने कळलं, हेही खरं.

त्याचा प्रोजेक्ट असा. साठवलेल्या कांद्यावर काळी बुरशी धरते. त्याची आई घरच्या कांद्यात वाळका पाला घालते. कडुनिंब, निर्गुडी, करंज, सीताफळ, जे हाताला लागेल ते. त्यातला कुठला पाला खरंच बुरशी अडवतो, ते त्याला शोधायचं होतं. पाला त्याने घरून पिशवीत भरून आणलेला. सडके कांदे मार्केट यार्डातून. तिथला हमाल म्हणाला होता, "चांगला घे की रे, सडका कशाला नेतोस?"

बशीएवढ्या प्लेटमध्ये बुरशी वाढवायची आणि मधोमध एका पाल्याचा अर्क घालायचा. अर्काभोवती स्वच्छ गोल रिंग उरली, की तो पाला खरा.

आता मुद्द्याचं. लॅबमध्ये सगळे प्लेटच्या तळाला नाव लिहितात. रोशन झाकणावर लिहायचा.

मी विचारलं, "असं का रे?"

"आमच्या कॉलेजात काचेच्या जुन्या प्लेटा आहेत. जिचं झाकण तिलेच बसते."

"अरे, पण इथल्या प्लास्टिकच्या आहेत. कुणाचंही झाकण कुणालाही बसतं."

"बरं बाई. पुढच्या खेपेले खाली लिहीन."

पुढची खेप आलीच नाही. त्याला ताप भरला. आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल. दोन दिवसांत तो आयसीयूत होता.

आणि तेव्हाच रिंग आली. इतके आठवडे काही नाही, आणि आता एका प्लेटमध्ये स्पष्ट, गोल, स्वच्छ रिंग.

त्याच्या लॅबमधली मुग्धा वेडी झाली आनंदाने. त्याला फोटो पाठवायचा म्हणून तिने सगळ्या प्लेट ओळीने मांडल्या. झाकणावर उजेड चमकतो, म्हणून झाकणं काढून बाजूला ठेवली. फोटो सुंदर आला. मग झाकणं लावून टाकली, जी हाताला आली ती. नावं तळाला असतात, हे तर सगळ्यांनाच माहीत.

मी त्यांच्या लॅबमध्ये पोचले तेव्हा ती नाव शोधत एकेक प्लेट उलटी करून बघत होती. तळ कोरे होते.

तिने प्रेमानेच केलं होतं.

मी त्याच्या बाबांना फोन लावला. म्हटलं, काका, फोन त्याच्या कानाला लावा. तो शुद्धीवर नव्हता, मला माहीत होतं. तरी काका म्हणाले, "लावला, बोल पोरी."

मी म्हटलं, "रोशन, रिंग आलीय. कुठला पाला होता रे? एवढंच सांग. रोशन, ऐकतोयस ना?"

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला.

शेवटच्या शुक्रवारी पहिल्यांदाच ज्याने त्याने आपापला प्रोजेक्ट सांगायचा होता. रोशनचा मी सांगितला. त्याचे बाबा सामान न्यायला आले होते, ते पहिल्या रांगेत बसले. पोरगा इथं काय करून रायला होता ते ऐकू द्या, म्हणाले. मी सगळं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, एक पाला नक्की चालतो. कुठला, ते आम्हाला माहीत नाही.

त्याचा अर्क संपला होता. उरलेल्या पाल्याचा नवा अर्क मुग्धाने आणि मी करून पाहिला. पुण्यातला पाला आणून पाहिला. रिंग येत नाही. यंदा काकांनी गावाहून एसटीने पाला पाठवला. कर्वेनगरला मुग्धाच्या कॉलेजात आम्ही प्लेट लावल्या. आज सकाळी उघडल्या.

सगळ्या काळ्या आहेत. काठापर्यंत.

मला ती रिंग एकदा हवी आहे हो. बस, एकदा. मग मी कुणाकडे काही मागणार नाही.

दुपारी काकांना फोन केला. म्हटलं, काका, यंदाही नाही.

काका म्हणाले, "मले त्यातलं काई समजत नाई पोरी. मी धाडत रायतो. तू करत राय."

फोन ठेवून मी खूप रडले. मग प्लेट धुवायला टाकल्या, नव्या काढल्या.

रोशन, नावं तळाला लिहिली आहेत. सगळ्यांवर, मोठ्या अक्षरांत.

तू शांत राहा. बुरशीचं मी बघते.