तांदळाएवढा माणूस

आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावच्या रविवारच्या बाजारात एक आयरिश म्हातारा जुने फोटो विकतो. शंभर वर्षांपूर्वीचे, उत्तर कॅनडातले: बर्फाचे डोंगर, कुत्र्यांच्या गाड्या, फरवाले शिकारी. फोटो उचलण्याआधी तो दरवेळी हात कोटाला पुसतो.

एका फोटोत अख्खा डोंगर होता आणि पायथ्याशी तांदळाएवढा माणूस.

"हा कशाला मध्ये?" मी विचारलं.

"डोंगर केवढा आहे ते कळावं म्हणून."

मग मी हौसेने मोबाईलवर आमच्या मराठी मंडळाच्या विकलोच्या डोंगरांतल्या सहलीचा फोटो दाखवला. बॅनर धरून अकरा जण, सगळ्यांना गॉगल. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"ग्रँड," तो म्हणाला. "आणि डोंगर कशाला ठेवलाय?"

मी निरखून पाहिलं. अध्यक्षांच्या कानामागे खरंच एक उरला होता, तांदळाएवढा.