बापूकाकांची शर्यतीची गाडी विकताना

एखादी वस्तू विकायला काढली की ती जाण्याआधी तिच्या गोष्टीच जास्त होतात. बघायला येणारा माणूस वस्तू नेत नाही, पण जाताना एक किस्सा ठेवून जातो. आमच्याकडे दोन महिन्यांत असे बरेच साठले. आता गाडी गेली आहे, म्हणून निवांत बसून लिहिते.

गाडी बापूकाकांची. लांबलचक, लाल, अमेरिकेहून आलेली, आठ सिलिंडरची. बापूकाका बाबांचे धाकटे भाऊ. ते एका जहागीरदारांकडे ड्रायव्हर होते आणि देवास रोडवर मैलाच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सरळ शर्यती मारत. जहागिरी गेल्या, साहेब पुण्याला गेले आणि जाताना गाडी काकांना देऊन गेले. मग मध्य भारत हे राज्यही संपलं, नवा मध्य प्रदेश झाला आणि बाबांची बदली भोपाळला झाली. तिथल्या क्वार्टरला मोटर ठेवायला जागा नव्हती. काका म्हणाले, "गाडी जिथे, मी तिथे."

आई बाबांना म्हणाली, "भाऊजी इथे एकटे राहिले तर पुन्हा शर्यत लावतील. गाडी विका, म्हणजे ते येतील."

काका विकायला तयार झाले, पण गिऱ्हाईक मीच पसंत करणार म्हणाले.

* * *

माधव नगरचे एक कापडवाले सेठ सेठाणीला आणि पाच मुलांना घेऊन आले. मुलं दार उघडून आत शिरली आणि तशीच बाहेर आली. मागे सीटच नव्हती.

"बच्चे कहाँ बैठेंगे?" सेठाणीने विचारलं.

"सीट वज़न कम करने को निकाली थी, भाभीजी," काका फार नम्रपणे म्हणाले. "और बच्चे तो सीट से भी भारी हैं।"

सगळे टांग्याने परत गेले.

* * *

घाटावरच्या एका पंडाजींना स्टेशनवरून यजमान आणायला मोटर हवी होती. काकांनी सायलेन्सर कधीच काढून टाकला होता. ते सांगायच्या ऐवजी त्यांनी गाडी चालू केली. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली डाळ सोडून कबुतरं उडाली.

इंजिन थांबल्यावर पंडाजींनी कानांवरचे हात काढले.

"भैया, हमारे यजमान पितरों को शांत करने आते हैं, जगाने नहीं।"

* * *

काका सांगत नसत ते बाबा लिहून काढत. आयुष्य रेकॉर्ड विभागात गेलेलं. फुलस्केप कागद, कार्बन लावून तीन प्रती. "१. गाडी सरळ उत्तम जाते. २. वळण्याबाबत खात्री देता येत नाही. ३. ब्रेक आहेत, तथापि वेळेपूर्वी दाबावेत." गिऱ्हाइकाने हे वाचून सही करायची आणि मग गाडीकडे जायचं. एका मास्तरांनी सही केली, आपली प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि गाडीकडे न जाता फाटकाकडे गेले.

आईने कागद वाचला. "अहो, ही विक्री आहे की फिर्याद?"

"उद्या कुणी म्हणायला नको."

"म्हणायला आधी कुणी नेली तर पाहिजे!"

* * *

एकदा घरात मी एकटीच होते. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी आलेल्या ठेकेदारांनी फाटकातूनच विचारलं, "बेटी, कितनी रेस दौड़ी है?"

"सत्रह।"

"जीती कितनी?"

"सोलह।"

"और एक में क्या हुआ?"

"काका का पैर टूटा।"

ते पाणीसुद्धा न पिता गेले. संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. काका लंगडत दोन पावलं चालले आणि म्हणाले, "सोळा आधी सांगायच्या. सावकाश."

* * *

निघायला पाच दिवस उरले तेव्हा गुलाबबाई आल्या. नवऱ्यामागे त्या पिठाची चक्की चालवत. चक्कीचं इंजिन बंद पडलं होतं आणि दळणं समोरच्या चक्कीवर जायला लागली होती. त्यांनी गाडीचा रंग पाहिला नाही, सीट पाहिली नाही. "चालू करो," म्हणाल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"जाना कहाँ है आपको?" काकांनी विचारलं.

"कहीं नहीं। चक्की के पीछे ईंटों पर खड़ी करूँगी, पहिये पर चक्की का पट्टा चढ़ाऊँगी।"

शर्यतीची गाडी आणि विटांवर! बाबांनी कागद हळूच पाठीमागे धरला. आई दाराला टेकली. काका गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग दार उघडून म्हणाले, "बैठो बाई। चक्की दिखाओ।"

त्यानंतर तीन दिवस काका घरी फक्त झोपायला आले. चौथ्या दिवशी आम्ही बिस्तरे बांधत होतो तेव्हा ते भर दुपारी दारात उभे राहिले. मिशा, भुवया, सगळं पिठाने पांढरं. हातात शर्यतीचं घड्याळ.

"समोरच्या चक्कीवाल्यालाही मणभरच गहू दिला होता, वहिनी. रुमाल टाकला, दोघांनी एकदमच सुरू केलं. आमचं दळून झालं, पोतं शिवून झालं, तो अजून अर्ध्यावर आहे."



काकांनी चपला काढल्या, मिशीवरचं पीठ झटकलं आणि विचारलं, "भोपाळची बस किती वाजता आहे?"