हाताचे टक्के

ऑटो माझ्या उजव्या हातावर पडला होता आणि जाऊ माझ्या अंगावर. हात कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. जाऊला मी हाक मारली, परत मारली, मग शिवी दिली. शिवी दिली की ती उलटून बोलायचीच. बोलली नाही, तेव्हा मला कळलं.

देऊळघाटच्या अलीकडे मागून ट्रकने धडक दिली होती. कापूस वेचून बाकीच्या बाया ट्रॅक्टरवर बसून गेल्या. आम्ही दोघी आमचा कापूस मोजून द्यायला मागे राहिलो, म्हणून ऑटो केला. ऑटोवाला शेतात फेकला गेला होता, तिकडून "माय वं, माय वं" ओरडत होता. लोकांनी ऑटो उचलला तेव्हा मी बेशुद्ध झाले. ते बरंच झालं.

ऑपरेशन झालं, हातात स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसवले. हाड जुळलं, पण बोटं वळेनात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे, एका भाड्याच्या खोलीत त्याचा संसार. तो फोनवर म्हणाला, "आई, आता इकडेच ये." सून मागे होती, ती काही म्हणाली नाही. मला कोणाच्या खोलीत कोपरा धरायचा नव्हता. आजवर निंदणी-वेचणी करून स्वतःचं खाल्लं होतं. भरपाई नीट मिळाली तर माझ्या घरात मरता येणार होतं, नाहीतर पुण्याला. माझ्यासाठी एवढाच प्रश्न होता.

बुलढाण्याच्या वकिलाने हिशेब समजावला. ट्रकच्या विमा कंपनीने पैसे द्यायचे. किती, ते असं ठरतं: महिन्याची कमाई धरायची, तिची वर्षाची करायची, मग वयाच्या एका आकड्याने गुणायचं. तरुणाचा आकडा मोठा, म्हाताऱ्याचा लहान. आणि डॉक्टर हात जितके टक्के गेला म्हणेल तितकाच भाग त्यातून द्यायचा.

"कमाईचा पुरावा काय आहे, मावशी?"

"तुम्ही कधी कापूस वेचला का साहेब? तिथं पावती भेटत नाही."

वयाचंही तसंच. आधार कार्ड काढताना मशीनवाल्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून वय टाकलं होतं. मी खरी किती वर्षांची ते मलाही माहीत नाही, पण कार्डावरच्यापेक्षा लहान असेन. म्हणजे कमाई त्यांनी धरली तेवढी, वय मशीनवाल्याने टाकलं तेवढं. माझं स्वतःचं म्हणावं असं फक्त हाताचे टक्के उरले. ऑपरेशन करणारा डॉक्टर म्हणाला होता, अर्धा हात गेला समजा. पण कोर्टाला सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो.

जाऊचा नवरा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. बायकोच्या मृत्यूचं त्यांचं प्रकरण त्याच कोर्टात होतं, म्हणून आम्ही सोबत जायचो. सोबत म्हणजे एका एसटीत. आमच्यात धाकटी भावजय भासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही आणि ते तिच्याशी बोलत नाहीत. आमची घरं एका भिंतीला लागून, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं समोरासमोर एक वाक्य झालेलं नव्हतं. जे काय ते जाऊच्या मध्यस्थीने. ती गेल्यावर ते माझ्या पुढच्या सीटवर बसायचे आणि खिडकीला सांगायचे, "बुलढाणा आलं म्हणा. उतरा लागते."

दाखल्याच्या दिवशी सरकारी डॉक्टरने मला स्टुलावर बसवलं. हात वर करा म्हणाला. मी केला, अर्ध्यावर कळ आली, थांबले. तो लिहायला लागला तेवढ्यात भासरे दारातून आत आले. एक्सरेचं पाकीट बाहेर बाकावर राहिलं होतं ते द्यायला. माझा हात डोक्याकडे गेला आणि पदर पुढे आला. कळ नंतर आली, आधी पदर आला. डॉक्टरने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

"जातो की वर."

मी म्हणाले, "ते भासरे आहेत."

त्याला काय कळणार. दाखला आला त्यात अर्ध्याचा पाव झाला होता.

पुढे लोकअदालत लागली. तिथे साक्षीपुरावे चालत नाहीत, टेबलाशी बसून तडजोड करतात. आमच्या टेबलावर न्यायाधीश बाई होत्या. कंपनीचा वकील दाखला दाखवून म्हणाला, "हात डोक्यापर्यंत जातो, डॉक्टरांनीच लिहिलंय."

"जाते डोक्यापर्यंत," मी म्हणाले. "कापूस काय डोक्यावर उगवते?"

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. न्यायाधीश बाईंनी विचारलं, यांचं काम रोज बघणारं कोणी आलंय का? माझ्या वकिलाने भासऱ्यांना पुढे केलं. शेजारीच राहतात, म्हणाला.

"काय बाबा, रोज बघता ना यांना?"

"नाही जी. मी तिकडं पाहात नाही."

"म्हणजे?"

"लहान्याची बायको हाय थे. पाहू कसा?"

माझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. अख्ख्या गावात जो एक माणूस माझ्याकडे बघू शकत नाही, तोच आम्ही आणला होता. आणला कारण त्यांची तारीख त्याच दिवशी होती आणि दुसऱ्या कोणाच्या तिकिटाचे पैसे वाचणार होते. त्यांना माझ्याकडे बघता येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी तर तेव्हाही पदर धरून खाली बघत होते.

भासरे तिथेच उभे राहिले. म्हणाले, "पाहात नाही, पण आयकू येते जी. भित एकच हाय. आंधी सकायी तिच्या भाकरीचा आवाज ये, थपथप. आमची मंडळी त्याच्यावरच उठे. आता भाकरीचा आवाज नाही. भांडं पडल्याचा येते."

कंपनीचा वकील उर्मट नव्हता. तो म्हणाला, "बाबा, आवाजाचे टक्के कसे लावू मी?"

भासरे माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बाई, पदर सोडा. हात दाखवा त्याईले."

लग्नानंतर त्यांनी मला थेट सांगितलेली ही पहिली गोष्ट. मला राग आला, लाजही वाटली, दोन्ही एकदम. मी पदर सोडला. उघड्या डोक्याने पुढे झाले आणि हात टेबलावर ठेवला. न्यायाधीश बाई म्हणाल्या, मूठ वळा. बोटं होती तशीच राहिली. भासऱ्यांनी तोवर मान भिंतीकडे फिरवली होती.

बाईंनी कंपनीला थोडं वाढवायला सांगितलं. त्यांनी वाढवलं, पण अर्ध्या हातापर्यंत काही आले नाहीत. वकील माझ्या कानाशी म्हणाला, नाही म्हणालात तर दाखल्यासाठी पुन्हा अर्ज, मग केस, मग त्यांचं अपील.

"तवर मी असन का?" मी विचारलं.

त्याने तडजोडीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी हो म्हणाले. कारकुनाने पेन पुढे केलं. मी चौथी शिकलेली आहे, सही येते, पण पेन धरता येत नव्हतं. त्याने शाईचा पॅड आणला, अंगठा लावून घेतला आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

ते भासऱ्यांचं होतं. माणूस मेलं की त्याच्या कमाईतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. भासऱ्यांनी विचारलं, "म्हंजे थे जगली असती तर जे जेवली असती, ते कापता?"

"हो बाबा, नियमच तसा आहे."

"चहाबी?"

त्यावर कोणी हसलं नाही. त्यांनीही अंगठा लावला. परत येताना एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, गाव आल्यावर खिडकीला काही सांगितलं नाही, नुसते उठले.

दवाखान्याची उधारी आणि वकिलाची फी जाऊन जे उरलं ते बँकेत ठेवलं आहे. व्याजात किराणा येतो, औषध येत नाही. औषधाचे मुलगा पाठवतो, ते मला आवडत नाही पण घेते. भाकरी जमत नाही. ती भासऱ्यांची सून करून देते, मी तिला ज्वारी देते आणि तिची पोरं सांभाळते. फुकट खात नाही. पुण्याला गेले नाही.

गावातल्या बाया अजून विचारतात, किती भेटले वं? मी सांगत नाही. एका हाताचा भाव ऐकून त्यांना काय करायचं आहे? एवढंच सांगते, त्या ऑटोत आम्ही तिघं होतो. जाऊ जागीच गेली. ऑटोवाला आणि मी जगलो.