दादाची औटकी

आमच्या गावात, कान्ह्यात, माझ्या थोरल्या भावाची औटकी सगळ्यांना ठाऊक होती. साडेतिनाचा तो पाढा भल्याभल्यांना अडवायचा. दादा म्हशी हाकताहाकता म्हणायचा. पुढे वडील लोणावळ्याच्या मालधक्क्यावर नोकरीला लागले. मी त्यांच्याबरोबर जाऊन इंग्रजी शाळेत बसले, दादा काकांकडे शेतीला राहिला. मिसरूड फुटायच्या आत तो देवळामागच्या चिलीमवाल्यांत बसू लागला. तीन-चार वर्षं गांजा ओढला, मग आपणहून सोडलाही. पण पाढा परत आला नाही. ‘सात औटे’ म्हणून तो थांबे आणि पारावरून कुणीतरी विचारी, “साडेचोवीस धुरात गेलं का रं?” दादा हसे. मला हसू येत नसे.

रेल्वेत सांधेवाल्याची जागा निघाली. गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची ती त्याच्या हातानं. नियम तोंडी म्हणून दाखवायचे होते. ते मी दादाला मराठीत करून दिले. उन्हाळाभर तो आमच्याकडे राहून घोकत होता. मधलाच एखादा नियम गळे आणि गळला हे त्याला कळत नसे. दर वेळी मीच सांगायची.

परीक्षेत तो पास झाला. वडील पेढे आणायला निघाले, तर दादा म्हणाला, “आबा, थांबा. सांधे नकोत म्हणून सायबाला सांगून आलोय. बत्तीवाला व्हतो.”

“सिग्नलचे दिवे पुसायला? अरे, पास झालास ना?”

“आज झालो. उद्या मधलंच गळलं तर गाडी कुटं जाईल? हिला इचारा.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘गळत नाही’ म्हटलं असतं, तर त्याला सांधेवाल्याची चांगली नोकरी होती.

“गळतं, आबा,” मी म्हणाले.

 वडील पेढे आणायला गेलेच.

गावात लोक दादाला म्हणाले, “इतकी वर्सं चिलमीला बत्ती लावलीस, आता शिग्नलला लाव.”

“व्हय,” दादा म्हणाला, “पण हिचा धूर काचंवर ऱ्हाऊ द्यायचा न्हाई.”

वर्गात मुली भावांचे हुद्दे सांगत, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असे. त्या वर्षी मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, की घाटातल्या सिग्नलच्या बत्त्या माझा भाऊ सांभाळतो, आणि ते काम त्यानं स्वतः निवडलं.