युनिट रेंजवर गेले त्या दिवशीची पावती

यशवंत गेल्याचे त्याच्या मुलीने, सुजाताने, मला फोनवर सांगितले तेव्हा सकाळचे दहा वाजत होते. वेळ मुद्दाम सांगतो आहे. वीस वर्षे सकाळी दहाच्या ठोक्याला मी भिंगारच्या बाजारातल्या त्याच्या शिलाईच्या दुकानात वर्तमानपत्र वाचायला बसत असे. लष्करी भांडारातल्या नोकरीने लावलेला वक्तशीरपणा निवृत्तीनंतरही मी सोडला नाही. एकदाच सोडला... ते पुढे येईल. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते, एवढेच सुजाता बोलू शकली.

नागापूरला त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शोकसभा झाली. तिथे जे बोलले गेले त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. एका नातलगाने सांगितले, की घराच्या हप्त्याच्या काळजीने माणूस खाल्ला. एका वक्त्याने त्याला ‘साधाभोळा कारागीर’ म्हटले. आणि बबन, म्हणजे आमच्या गल्लीतला चहावाला, त्याने तर भर सभेत लोकांना हसवले. कर्जाच्या तपासणीला साहेब आला तेव्हा अण्णांनी, म्हणजे मी, बाजारातून बारा खोटी गिऱ्हाईके दुकानात पाठवली, साहेब फसला आणि मास्तरांचे घर झाले, असे त्याने रंगवून सांगितले. लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. हे कौतुक मला नको आहे. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत.

यशवंत जवानांच्या वर्द्या अंगाबरोबर करून द्यायचा, फिती आणि नावाच्या पट्ट्या शिवायचा. हात इतका सफाईदार, की बदली होऊन गेलेले जवान सुट्टीत वाट वाकडी करून यायचे. दुकानामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत त्याचा संसार होता. घरमालकाने त्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या तेव्हा त्याने पन्नाशीत, आयुष्यात पहिल्यांदा, कर्जाचा विचार केला. दोन ठिकाणी नकार मिळाला. पगाराची स्लिप नाही, रोखीचा धंदा. दुसऱ्या ठिकाणचा कारकून म्हणाला, “मास्तर, तुमची कमाई आहे, पण ती दिसते कुठे?” हा प्रश्न त्याला अपमान वाटला नाही. मला वाटला, आणि मी त्या कारकुनाला चार शब्द सुनावूनही आलो. यशवंताने मात्र त्याच दिवशी पावतीपुस्तके छापायला टाकली.

पुढची दोन वर्षे त्याने प्रत्येक कामाची पावती फाडली. “मास्टरजी, दो बटन की भी रसीद?” म्हणून जवान हसायचे. “दो बटन भी काम है,” तो म्हणायचा. ठरलेल्या कामाची पावती तो सकाळी दुकान उघडताच लिहून ठेवी, म्हणजे गिऱ्हाईक खोळंबत नसे. याच काळात त्याने दर महिन्याच्या पाच तारखेला अंदाजे हप्त्याएवढी रक्कम बँकेत टाकायला सुरुवात केली. उरलेल्यात घर चालते का, ते पाहायला. त्याची बायको कमल मला म्हणायची, “बगा अण्णा, लोकांचं आधी घर हुतं अन् मग हप्ता. आमचं घर न्हाई, पन हप्ता चालूय.” बोलायची हसत, पण घरमालक दर आठवड्याला दारात उभा राहत होता आणि तो आला की तिचे बोलणे थांबत असे. अखेर एका संस्थेने कागद ठेवून घेतले. नागापूरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट पाहून त्याने बयाणा दिला. मुदत महिनाअखेरपर्यंत. फक्त दुकानाची पडताळणी उरली होती.

पडताळणीचा माणूस न कळवता आला, आणि आला तो नेमका छावणीतले युनिट गोळीबाराच्या सरावासाठी रेंजवर गेले त्या दिवशी. गल्लीत बुटांचा आवाज नाही, सायकल नाही. मी दहाला पोचलो तेव्हा तो मांडीवर वही घेऊन माझ्याच स्टुलावर बसला होता. यशवंत मशीनला तेल देत होता. आतल्या दारात कमल उभी होती, आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की मला तिथे उभे राहवले नाही. अकरा वाजले. एकही माणूस फिरकला नाही. वहीत गिऱ्हाइकाची एकही रेघ नाही. दोन वर्षांची मेहनत एका ओसाड सकाळी मातीत जाताना मी पाहत होतो.

होय, माणसे मी गोळा केली. बारा नव्हे, चार. पाचवा मी. बबन शर्ट घेऊन पुढे झाला आणि म्हणाला, “मास्तर, कॉलर उलटायचीय.”

यशवंताने शर्ट उलटसुलट पाहिला, मग कोपऱ्यावर उभ्या असलेल्या मला पाहिले. “बबन, ही कॉलर मीच मागल्या म्हैन्यात उलटलीय. आता काय सरळ करू व्हय? जा, च्या ठेव जा.”

बाकीचे तिघे तिथूनच पांगले. मग घरून आणलेली विजार घेऊन मी पुढे झालो. माझे काम खरे होते. मधुमेहाने अंग उतरले होते आणि विजार कमरेत ढिली झाली होती. तसे मी त्याला सांगितले.

“खरं असंल, अण्णा,” तो म्हणाला. “पन आज न्हाई. उद्या या, घेतो.” आणि त्या माणसाकडे वळून म्हणाला, “साहेब, युनिट रेंजवर गेलंय. चार दिस असंच राहनार. ह्ये पन लिवा.”

त्या माणसाने पावतीपुस्तके मागितली. चाळता चाळता तो थांबला. अधूनमधून एखादी पावती आडवी रेघ मारून रद्द केलेली, वर तारीख आणि शब्द: आज काम नाही.

“हे कशासाठी लिहिता?”

“म्हैन्याला असे किती दिस येत्यात, ते कळाया नको का? त्याबिगर हप्ता किती झेपंल ते कसं ठरवायचं?”

तो गेला. काय लिहिले, ते सांगितले नाही. मी गल्लीत उभा राहून, चार लोक ऐकत असताना, यशवंताला म्हणालो, “तुझ्या खरेपणापायी उद्या कमल रस्त्यावर येईल.” तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, त्यानं आज पाच गिऱ्हाइकं लिवली असती, तर हप्ताबी पाचाच्या हिशोबानं बसला असता. त्यो भरायला तुमी रोज विजार घिऊन येनार व्हता का?” कोणीतरी हसले. मी विजार काखेत मारली आणि घरी निघालो.

कर्ज मंजूर झाले, मागितले त्याहून कमी. त्याने मोठा फ्लॅट सोडला आणि त्याच इमारतीत मागच्या बाजूची एक खोली आणि स्वयंपाकघर घेतले. त्याचा अंदाज आधीपासून तेवढाच होता, असे कमलने मला पुढे सांगितले. बयाणा मोठ्या फ्लॅटचा दिला होता तो तिच्या हट्टाखातर. शेवटपर्यंत त्याचा एकही हप्ता चुकला नाही. पुढच्या चार महिन्यांची तजवीज तो मागे ठेवून गेला, आणि दुकान आता सुजाता चालवते. भोळ्या माणसाला हे जमत नसते. काळजीने खचलेल्यालाही नाही. मी मात्र त्या दुकानाची पायरी आठ महिने चढलो नाही. घरभरणीला गेलो, जेवलो, त्याने आग्रहाने वाढलेली पुरणपोळी खाल्ली. त्या दिवसाचा विषय ना त्याने काढला, ना मी. नंतर पुन्हा दहाला जाऊ लागलो... ती विजार मात्र कधीच नेली नाही.

शोकसभेनंतर आठवड्याने मी सुजाताकडे जुनी पावतीपुस्तके मागितली. बबनसमोर पुरावा ठेवायचा होता. नागापूरच्या त्यांच्या खोलीत खिडकीखाली घरचे मशीन, त्याच्या खणात पुस्तके ओळीने लावलेली. तो दिवस लगेच सापडला. आडवी रेघ, तारीख, आणि त्याचे गोल अक्षर: आज काम नाही. युनिट रेंजवर. मी सुजाताला वाचून दाखवले. “बघ, मी म्हणत होतो तेच.” माझा आवाज चढला असावा, कारण कमल आतून बाहेर आली.

मग मी पान उलटले. दुसऱ्या दिवसाची पावती त्याच्या सवयीप्रमाणे सकाळीच, मी यायच्या आत, लिहून ठेवलेली होती: अण्णा. विजार, कंबर कमी करणे. त्यावर नंतर मारलेली आडवी रेघ. खाली दोन शब्द: आले नाहीत.

बबनला मी ते पुस्तक अजून दाखवलेले नाही. शोकसभेतल्या प्रत्येक वाक्याला माझी हरकत आहे आणि ती मी वर नोंदवली आहे. या दोन शब्दांना नाही.